खालच्या ओळीची पोच

मस्तगड, जालना
१० सप्टेंबर १९९९

प्रिय नरहर,

आबांचा एकही निरोप तुझ्यापर्यंत पोचलेला नाही. काल कंप्युटर क्लासच्या शिवाजी सरांनी स्वतः तपासून तसं सांगितलं.

गेल्या वर्षी तू मस्कतहून लिहिलंस, इथं कंप्युटरवर निरोप टाकला की त्याच मिनिटाला मिळतो. आबांनी अडुसष्टाव्या वर्षी क्लासात नाव घातलं. पहिल्या दिवशी सरांनी दाखवलं: ‘एको’ लिहायचं, पुढे मजकूर, मग एंटर. तोच मजकूर खालच्या ओळीत उमटतो. बाकी काही होत नाही. पण आबांनी परतूर स्टेशनात तीस वर्षं तारयंत्रावर काढलेली. पलीकडच्यानं आपला मजकूर जसाच्या तसा परत पाठवला की तो मिळाला असं धरायचं, ही त्यांची रीत. सर पुढचं शिकवू लागले तर म्हणाले, “बिलकुल जरूर न्हाई. माझं काम झालं.” रोज अर्धा तास जायचे. सरांना वाटलं, टायपिंगचा सराव चाललाय. घरी येऊन सांगायचे, नरहरला कळवलं, बराबर पोचलं. मी विचारायचे, मग उत्तर? “नोकरी करून राह्यलाय तो, बाई. पोच देतो, बास.”

ऑगस्टात मी तुला फोन करायला निघाले, तर त्यांनी अडवलं. “दोनदा कशाला? पोच आल्ती.” तू आला नाहीस. लोकांना आबांनी सांगितलं, सुट्टी न्हाई मिळाली. मी तुझं नाव घेणंच सोडलं.

परवा तुझं पत्र आलं. आईच्या गुडघ्याची चौकशी वाचली आणि ते घेऊन सरांकडे गेले. लिहिलेल्या जुन्या ओळी मशीन जपून ठेवतं. सरांनी कागदावर काढून दिल्या. ‘नरहर, पाऊस बरा आहे.’ ‘नरहर, आईनं तुझ्या वाटणीचं लोणचं वेगळं ठेवलं.’ अशी सहा पानं.

एसटीडी बूथवर दोनदा गेले. तू हॅलो म्हणालास, मी ठेवून दिला. म्हणून लिहिते. शेवटून दुसरी ओळ अशी आहे: ‘नरहर, आई सकाळी गेली. थांबतो. निघ.’ वीस ऑगस्टची गोष्ट. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बर्फ लावून थांबलो. आबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. शेवटची ओळ: ‘नरहर, दसऱ्याला ये. मी स्टेशनवर आहे.’ तिचीही पोच त्यांना मिळाली आहे. एकोणीस ऑक्टोबरला, मंगळवारी, मुंबईची गाडी यायच्या तासभर आधी ते जुना कोट घालून फलाटावर उभे राहतील.

तुझीच,
रजनीताई