दादाचं जहाज

ता. ४ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

घरी सगळं ठीक. म्हणजे कोणी कोणाशी बोलत नाही. चौकात व्यसनमुक्तीचा दवाखाना उघडलाय आणि तो हटवा म्हणणाऱ्या अर्जावर पहिली सही आपल्या बाबांची! सोसायटीचे अध्यक्ष ना ते. सभेत म्हणाले, असल्यांना तुरुंगच बरा. थोरले चिरंजीव चिमूटभर पावडरीपायी त्याच तुरुंगात बसलेत, पण शेजाऱ्यांच्या लेखी दादा जहाजावर नोकरीला! परवा जिन्यात कुणी खुशाली विचारली, तर म्हणे सध्या समुद्र फार खवळलाय.

मी दवाखान्याच्या मोहिमेत शिरलोय. स्वतःपुरती नशा बाळगणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका, उपचार द्या, एवढंच आमचं मागणं. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, तुमच्या आवाजात आग आहे. तेव्हापासून माझी झोप उडालीय. त्याच म्हणाल्या, वडिलांनी कोर्टात उभं राहून हमी दिली तर दादाला उपचारासाठी सोडतील. बाबा ऐकतच नाहीत. रविवारच्या सभेत त्यांचं जहाज बुडवतोच!

लोभ असावा, उपदेश नसला तरी चालेल.

तुझा धाकटा

ता. ८ जून

चि. तोफेस,
अनेक आशीर्वाद.

उपदेश नको म्हणालास, म्हणून दोन जास्त देते. कॉलेज अर्ध्यावर सोडलंस तेव्हाही आवाजात आगच होती. पुढे धूर तेवढा राहिला. नर्सबाई तुझ्या घशाबद्दल बोलल्या असतील. गुळण्या कर.

बाबा भित्रे आहेत रे, दुष्ट नाहीत. चारचौघांत नाक कापलंस तर हट्टाने कोर्टाची पायरी चढणार नाहीत. मग तू जिंकशील आणि दादा आतच राहील. गेल्या भेटीत तो जाळीपलीकडून म्हणाला, इथे नशा मागितली की मिळते, औषध मागितलं की दटावतात. तेव्हा एकदा तरी भाषण गिळ.

माया आहेच, कानही उपटायचे आहेत.

तुझी ताई

ता. १७ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

नाही गिळता आलं. बाबा पुन्हा तुरुंगाचं कौतुक करायला लागले आणि मी ताडकन उठून ओरडलो की दादा जहाजावर नाही, तुमच्या त्या आवडत्या तुरुंगात आहे. बाबांनी खुर्ची नीट आत सरकवली आणि घरी गेले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात खजिनदारांनी जिन्यात गाठून हळूच विचारलं, दवाखान्यात मुलींनाही घेतात का. त्यांची लेक मावशीकडे असते ना, ती! मागोमाग तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई, भाच्यासाठी. अख्खी सोसायटी प्रवासाला गेलेली, ताई!

सुनावणीला मी एकटाच निघालो. जाऊन बघतो तर इस्त्रीचा शर्ट घालून बाबा आधीच बाकावर. न्यायाधीशांनी विचारलं, मुलगा काय करतो. बाबांनी शर्टाची कॉलर नीट केली. मग म्हणाले, आजारी आहे.

दादा आता दवाखान्यात आहे. थरथरतो, चिडतो, पण जेवतो. सोसायटीत नवा अर्ज फिरतोय, खाटा वाढवा म्हणून. पहिली सही खजिनदारांची. त्यावरून बाबा रुसलेत: अध्यक्षांच्या आधी खजिनदार सही करतातच कसे!

नर्सबाईंना मी मनातलं सांगायला गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं, घशात बॅटरी मारून पाहिली आणि गुळण्याच सांगितल्या.

हसून झालं की लोभ करावा.

तुझा धाकटा