मान डोलावणारी मुलगी

प्रिय अण्णा,

पत्र बघून घाबरू नका. तब्येत ठणठणीत आहे आणि सकाळ-संध्याकाळ आलूपराठे चापते आहे. फोन सोडून पत्र का, ते शेवटी सांगते. रविवारचा आपला फोन हल्ली लगेच आटपतो, त्याची मला फार रुखरुख लागली होती. पूर्वी तुम्ही ड्रायव्हर असतानाच्या गोष्टीतली कुंभार्ली घाटातली तुमची एसटी एकदा सुरू केलीत की चिपळूण येईपर्यंत थांबायचा नाहीत. आता हवापाणी, जेवण, आणि बरं ठेवतो. काय बिनसलं ते मला कळतच नव्हतं.

असो, आधी इथली, चंदीगडची गंमत ऐका. सेक्टर ३४ मधल्या आमच्या क्लासमध्ये टीव्ही-रेडिओच्या बातम्यांसाठी आवाज आणि चित्र कसं टिपायचं, कसं कापायचं-जोडायचं ते शिकवतात. पहिल्याच मुलाखतीत माझी अशी फजिती झाली की विचारू नका. हेडफोन लावून ऐकते तर समोरच्या बाई बोलताहेत आणि त्यांच्या प्रत्येक वाक्यावर माझं हं, हो का, अगं बाई चाललंय. ते कापायला जावं तर बाईंचे शब्दही जातात. अख्खा वर्ग हसला. सलोनी मॅडमनी ताकीद दिली, ऐकायचं ते मानेने, तोंड बंद. आता त्यांना काय सांगू, ही तुमचीच शिकवण! जेवताना तुमची गोष्ट रंगायची आणि माझा हुंकार चुकला की तुम्ही घास हातात धरून थांबायचात, झोपलीस का म्हणून. पण मीही तुमचीच लेक, हट्टाने सवय मोडली. मेसवाल्या काकांपासून रूममेट अक्षरापर्यंत सगळ्यांपुढे नुसती मान डोलवायची. अक्षरा म्हणते, तुझा पार नंदीबैल झालाय.

गेल्या आठवड्यात शेवटच्या प्रोजेक्टसाठी सेक्टर ४३च्या बसस्टँडवर गेले. शिमल्याच्या गाडीवरचे ड्रायव्हर गुरमेलसिंगजी, निवृत्तीला आलेले, बोलायला तुमच्यासारखेच हौशी. उभ्या गाडीत त्यांना स्टिअरिंगवर बसवलं, कॉलरला माइक लावला, कॅमेरा समोर ठेवला आणि मी मागच्या सीटवर बसले. बर्फात गाडी अडकल्याची गोष्ट सुरू झाली. मी आपली मागे बसून मान हलवतेय, आणि ते मध्येच गप्प झाले. मग समोरच्या काचेकडे बघतच त्यांनी विचारलं, "बेटा, सुन भी रही हो, या मैं अकेला ही बोल रहा हूँ?" अण्णा, मी तोंड भरून हां जी म्हटलं आणि पुढे प्रत्येक वळणावर हं म्हणत गेले. काय खुलले म्हणून सांगू! प्रवाशांना सुखरूप शिमल्याला पोचवूनच थांबले. मॅडमनी ते ऐकलं, कपाळाला हात लावला, पुन्हा ऐकलं आणि म्हणाल्या, राहू दे, हे असंच राहू दे.

परवा शंतनूदादाचा फोन आला. तुम्ही त्याला म्हणालात म्हणे, पोरगी मोठ्या शहरात रमली, आता म्हाताऱ्याच्या गोष्टी ऐकायला तिला कुठला वेळ. मला एकदम हसूही आलं आणि रडूही. अहो अण्णा, मी ऐकत होते. सगळं ऐकत होते. कानाला फोन लावून इथे चंदीगडात मान डोलवत होते, आणि तिकडे कराडला तुम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. हे फोनवर सांगेपर्यंत तुम्ही ठेवून मोकळे होता, म्हणून हे पत्र. धुक्यात पोफळीच्या वळणावर गाडी बंद पडली, इथवर सांगून तुम्ही मागच्या महिन्यात गप्प झालात. मी अजून त्याच वळणावर उभी आहे. येत्या रविवारी पुढचं सांगा, अख्ख्या हॉस्टेलला ऐकू जाईल असा हुंकार देते.

तुमचं सगळं ऐकणारी, तुमचीच
मैत्रेयी