ताई – उशी – हसू

३ तारीख, सोमवार

आले बाई एकदाची! सामान म्हणजे दोन बॅगा, एक गादी आणि मी. नवी नोकरी, नवं गाव, आणि जन्मात पहिल्यांदाच अख्खी खोली माझी एकटीची. तिसरा मजला, जिना अरुंद, पण खिडकी अशी ऐसपैस की तिच्यात मांडी घालून जेवावं. आणि भिंतीला लागून ते कपाट! पूर्वी इथे बटणांचा व्यापारी राहायचा, त्याचं आहे म्हणे. वरपासून खालपर्यंत नुसते छोटे छोटे खण, प्रत्येकाला पितळी मूठ. मालकीणबाई म्हणाल्या, अडचण होत असेल तर सांगा, फोडून नेऊ. मी म्हटलं, हात लावून तर बघा! अर्थात मनातल्या मनात. तोंडावर आपली गोड हसले.

ब्लॉगसाठी सुचलेलं साठवायला याहून झकास जागा कुठे मिळणार? माझं डोकं म्हणजे चाळणी. म्हणून सवयच लावून घेतलीय, काही दिसलं-सुचलं की चिठ्ठीवर तीन शब्द खरडायचे आणि खाली ‘नंतर लिहीन’. सगळं सविस्तर कोण लिहीत बसणार? आपलंच सुचलेलं आपल्याला नाही का आठवणार? ताई म्हणते, तुझं ते ‘नंतर’ उजाडलेलं मी अजून पाहिलेलं नाही. म्हणू दे. प्रत्येक पोस्टखाली पहिली प्रतिक्रिया तिचीच असते. बऱ्याचदा शेवटचीही.

६ तारीख, गुरुवार

ऑफिसात सगळे भले आहेत, पण आपापल्यात. जेवणाच्या सुट्टीत मी डबा उघडला तर समोर बसलेला माणूस फोन घेऊन उठलाच. जाऊ दे, नवीन आहे मी.

पण इमारत छान आहे हं. तळमजल्यावरचे शिंपीकाका मशीन चालवताना गुणगुणत असतात. दोरा तोडायला दातात धरला की गाणं तेवढ्यापुरतं थांबतं, आणि मग बरोबर तिथूनच पुढे सुरू! शिवाय मालकीणबाईंचं मांजर जिन्यात असं आडवं पडतं की खाजवल्याशिवाय कुणाला वर सोडत नाही. टोलनाकाच. दोन चिठ्ठ्या लिहिल्या. ‘शिंपी – गुणगुण – दोरा.’ ‘मांजर – जिना – टोल.’ दोन खणांत ठेवल्या. खण किती अलगद मिटतात!

९ तारीख, रविवार

दिवसभर कुणाशी बोलले नाही. दुपारी खाली गेले तर शिंपीकाका गप्प. म्हटलं काका, आज गाणं नाही? ते म्हणाले, मी आणि गाणं? उभ्या आयुष्यात कधी गुणगुणलो नाही, तुम्ही दुसऱ्या कुणाचं ऐकलं असेल. मालकीणबाईंना मांजराचं विचारलं तर त्या म्हणाल्या, छे गं बाई, मला केसांनी शिंका येतात, मांजर कोण पाळणार?

वर येऊन स्वतःशीच हसले. एकटं राहिलं की माणूस भलतंसलतं बघायला लागतं म्हणतात. मला तर आठवडासुद्धा नाही लागला.

१२ तारीख, बुधवार

आज ताईचा फोन! लहानपणीची ती उशीची गंमत तिने पुन्हा सांगितली आणि मी हसून हसून गादीवर लोळले. किती दिवसांनी हसले. इथे लिहीत बसत नाही, ब्लॉगवर येईलच सविस्तर. ती बोलत होती तेव्हाच मी चिठ्ठी खरडायला घेतली. तिला बरोबर कळलं. म्हणाली, चिमणे, ऐकतेयस की लिहितेयस? मी म्हटलं, दोन्ही. ती म्हणाली, आधी ऐक गं, मी काय पळून जातेय?

‘ताई – उशी – हसू. नंतर लिहीन.’ मधला खण दिला तिला.

१४ तारीख, शुक्रवार

ताईला फोन केला. आवाज तिचाच. कोण बोलतंय, म्हणाली. मी म्हटलं, नाटकं पुरे, चिमणी बोलतेय. तिने अगदी सभ्यपणे सांगितलं की तुमचा नंबर चुकला असेल, मला धाकटी बहीण नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिला माझी दया आली. म्हणाली, घरात कुणी आहे का तुमच्याजवळ?

ब्लॉग उघडला. तिच्या प्रतिक्रिया नाहीत. एकही नाही. प्रत्येक पोस्टखाली कोरी जागा.

चिठ्ठी खणातून काढली, हातात धरून बसले, पुन्हा फोन लावला. काही फरक नाही. मला रडू आवरत नाहीये.

१७ तारीख, सोमवार

ऑफिसला गेले नाही. हाताला काहीतरी काम हवं म्हणून शिंपीकाकांवर लिहायला बसले. नीटसं आठवेना, चिठ्ठीतल्या तीन शब्दांवरच रेटलं. पोस्ट टाकली. संध्याकाळी खालून गुणगुण ऐकू आली! धावत गेले, दोन पायऱ्या चुकले, गुडघा फुटला. गातायत! खरंच गातायत!

म्हणजे असं आहे तर. खणात ठेवलं ते जातं. लिहिलं की परत येतं. एवढंच ना? मग ताईला उद्याच आणते.

१८ तारीख, मंगळवार

शिंपीकाका एकच ओळ गुणगुणतात. मी पोस्टमध्ये लिहिली होती तेवढीच. मग दात आवळतात. दोरा नसतानाही. मग तीच ओळ. मी हाक मारली तर मान वर केली नाही. मशीनखाली कापड नव्हतं.

आणि ताई – कुठली उशी? कुणाची? फेकली होती, फाडली होती, की लपवली होती? हसलं कोण आधी? मी माझ्याच हाताने ‘नंतर’ लिहिलंय आणि आता नंतर काहीच नाही. तीन शब्द. तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला जाते तर तिथेही तीन शब्दच येतात. आधी ऐक, म्हणाली होती. का नाही ऐकलं मी?

१९ तारीख, बुधवार

रचलं. काय करणार? लिहिलं की ताई हसू आवरेनासं झालं की उशीत तोंड खुपसायची, आणि म्हणायची, ‘चिमणे, हस की गं, हसायला काय पैसे पडतात?’ असं ती कधी म्हणाली का, देव जाणे. पोस्ट टाकली.

पोस्टखाली प्रतिक्रिया आली. पहिली. तिच्या नावाने.

‘चिमणे, हस की गं.’

२० तारीख, गुरुवार

तिचा फोन. मी ढसाढसा रडले, ताई म्हटलं, मला ओळखलंस का? ती म्हणाली, चिमणे, हस की गं, हसायला काय पैसे पडतात? म्हटलं, आई कशी आहे? तर पुन्हा तेच. आणि मग हसू. उशीत तोंड दाबून हसावं तसं, घुसमटलेलं. थांबेचना. श्वास घ्यायलासुद्धा नाही.

मी फोन ठेवला. हसू थांबलं नाही.

दुपार

ते हसू आता जिन्यात आहे. खालची गुणगुण थांबली. मालकीणबाई कुणाला तरी सांगतायत, हो हो, तिसरा मजला, तुमचीच बहीण ना –

दाराबाहेर. हसतेय. मी लिहिलं तेवढीच ती. बाकीची ताई अजून खणातच आहे – माझी, खरी, उशीची गंमत माहीत असलेली – आणि मला तिच्याकडे जायचंय. मला पुरेपूर लिहू शकेल असं तिच्याशिवाय जगात कुणी नाही. कुणीच नाही. हे आत्ता कळतंय –

ताईच्या चिठ्ठीची पाठ कोरी आहे. मधला खण उघडलाय. दाराची कडी हलतेय –

‘मी – ताईची चिमणी –

नंतर लि