पाइप ओढणाऱ्या बाईचं डोकं ठिकाणावर आहे

मी, नंदाबाई कल्याण उढाण, वय बावन्न (दाखल्यावर चोपन्न आहे, ते मास्तरानं अंदाजानं टाकलेलं), शिक्षण चौथी, धंदा खानावळ, राहणार वडीगोद्री, तालुका अंबड, जिल्हा जालना, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हातानं लिहिते. मी शुद्धीत आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, काही पाजलेलं नाही, गोड बोलून फसवलेलं नाही. माझ्याशी गोड बोलणारं कोणी राहिलेलंच नाही, त्यामुळे तो प्रश्न येत नाही.

वकील प्रियदर्शनीताई म्हणाल्या, "शुद्धीत आहे" एवढं एक वाक्य पुरतं. दुसऱ्या बाईला पुरत असेल. मला पुरणार नाही. कारण माझे धाकटे दीर काकासाहेब यांनी वडीगोद्रीपासून अंबडपर्यंत सांगून ठेवलंय की वहिनी पाइप ओढायला लागली, म्हणजे तिचं डोकं फिरलं. हे बोलणं साधं नाही. मला लेकरू नाही. मालक हार्टनं गेले. माझा कागद उद्या वेडीचा कागद ठरला, तर कायद्यानं खानावळ सासरच्या माणसाकडं जाते, म्हणजे काकासाहेबांकडं, आणि दैवशाला त्याच दिवशी रस्त्यावर येते. म्हणून या कागदात वाटणी थोडी आणि शुद्धीचा पुरावा जास्त आहे. वाचणाराला घाई असेल तर त्यानं आधी चहा मागवावा.

कलम १. हायवेला लागून असलेली माझी खानावळ, खालची जागा, वरचे पत्रे, बोअर, टाकी, गॅसच्या शेगड्या आणि मागची चूल, हे सगळं मी दैवशाला रखमाजी गिराम हिला देते. ती माझ्या नात्यात नाही. नात्यातल्यांनी मला काय दिलं ते लिहायला बसले तर स्टॅम्प पेपर पुरणार नाही. नवऱ्यानं टाकलेली ही बाई एका गाठोड्यासकट बसमधून उतरली, माझ्याकडं गिलासभर पाणी मागितलं, प्यायली, आणि समोर उष्ट्या ताटांचा ढीग दिसला तशी न सांगता घासायला बसली. मी विचारलं, किती दिवस राहणार. ती म्हणाली, भांडी संपेपर्यंत. खानावळीत भांडी कधी संपतात का? राहिली. तिची भाकरी माझ्यापेक्षा चांगली होते. हे मी तिला तोंडानं कधी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, इथं लिहिते तेवढं बास.

तिला अट एकच. गिऱ्हाईक वाढलं म्हणून वरणात पाणी वाढवायचं नाही.

कलम २. बँकेत जे आहे ते पत्रे बदलायला वापरावं. आकडा लिहीत नाही, काकासाहेब ऐकणार आहेत. पितळी घंगाळ माझी जाऊ दुर्गाबाई हिला. ती दर दिवाळीला माझ्याकडं येऊन आधी त्या घंगाळाकडं बघते, मग माझ्याकडं. आता नुसतं घंगाळाकडं बघावं.

कलम ३. शुद्धीचा पुरावा. मला पाइप कसा आला, ते सांगते.

जुन्या जालन्यात नरहर पाठक म्हणून साहेब आहेत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. महिन्याला एकदा बायकोला, रमाबाईंना घेऊन ते जांब समर्थला दर्शनाला जातात आणि येताना माझ्याकडं चहाला थांबतात. चहा झाला की साहेब हात धुवायला मागं जायचे आणि तिथं उभं राहून पाइप ओढायचे. रमाबाईंना कळत नाही, असं साहेबांना वाटे. रमाबाई मला म्हणाल्या, "इतका वेळ हात धुणारा माणूस एक तर डॉक्टर असतो, नाही तर चोर. आमचे हे डॉक्टर नाहीत."

पुढं खऱ्या डॉक्टरनं साहेबांना तंबाखू बंद केली. तेव्हा त्यांनी आपले दोन पाइप, एक सरळ आणि एक वाकडा, आणि तंबाखूचा डबा पिशवीत घालून माझ्या हवाली केला. म्हणाले, "नंदाबाई, मी मागितलं तरी देऊ नका. फेका, कोणाला द्या, तुमचं तुम्ही बघा." माझा त्या वस्तूशी संबंध आला तो असा.

तंबाखूशी मात्र माझा संबंध जुना. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं मिश्रीची डबी हातात दिली होती. आमच्याकडं अर्धा गाव तोंडात काळं घेऊन उठतो, त्याला कोणी वेड म्हणत नाही. बाईनं तोंडात राख घासली तर वळण, आणि त्याच तोंडातून धूर काढला तर भ्रमिष्ट. हा हिशोब ज्यानं लावला त्याचं डोकं आधी तपासा.

तर एका रिकाम्या दुपारी मी डबा उघडला. तंबाखू ओलसर निघाली. माझ्या माहितीत कच्ची तंबाखू कोणी तोंडाला लावत नाही, आधी भाजतात. म्हणून तव्यावर टाकली. खानावळीत बसलेली सगळी माणसं शिंकायला लागली. एक ड्रायव्हर ताट टाकून पळाला. दैवशालानं गॅसची टाकी उचलून बाहेर नेली, तिला वाटलं तीच फुटणार. भाजून मऊ पूड झाली ती पाइपात भरली, तर ती धुराऐवजी नळीतून थेट घशात.

मग न भाजलेली भरली, अंगठ्यानं दाबदाबून, उशीत कापूस भरतात तशी. ओढते तर वाराच येईना. सैल केली, पेटवली, चांगली लागली, आणि विझायला लागली. आता विझणाऱ्या विस्तवाला आपण काय करतो? जन्मभर फुंकणीनं चूल फुंकलेली बाई मी. घातली फुंकर. सगळा निखारा वर उडाला आणि पदरावर आला. पातळ गेलं. भोक अजून दाखवू शकते.

शेवटी रागारागानं पाइपच घासून काढला, राखेनं आणि काथ्यानं, आणि ताटांबरोबर उन्हात वाळत घातला. नेमके त्याच दिवशी पाठक साहेब आले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, गाडीत कोणी वारलं.

"नंदाबाई, पाइप धुतलात?"

"घासला. आतून पार काळा झाल्ता."

"तो काळा थर बसवायला मला वर्षं लागली होती."

"मंग मी एका दुपारीत काढला. कामाला मी जल्दीच आहे."

रमाबाई गाडीत बसून इतक्या हसल्या की चहा साडीवर सांडला. साहेब मात्र हसले नाहीत. खुर्ची घेतली, मागं पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसले आणि म्हणाले, बिघडवायचंच असेल तर रीतसर शिकून बिघडवा. त्या दिवसापासून दर महिन्याला शिकवणी. ते स्वतः ओढत नाहीत, नुसते वाऱ्यानं धूर येतो त्या अंगाला बसतात. रमाबाई म्हणतात तेवढं चालेल.

साहेबांची भाषा मला कळेना, मी माझ्या भाषेत करून घेतली. भरणं म्हणजे भरलं वांगं. तळाला सैल, वर जरा दाबून, एकदम कोंबलं तर आत तेल जात नाही. पेटवणं म्हणजे चूल. पहिला जाळ फसवा असतो, भडकतो आणि बसतो, तेव्हा घाबरायचं नाही, हलकं दाबायचं आणि दुसऱ्यांदा लावायचं, तो टिकतो. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवून सोडायचा. हे सगळं जमलं. जमेना ते एकच, हळू ओढणं. मी भसाभसा ओढायचे. जीभ अशी भाजली की ठेच्याला मीठ कळेना, आणि गिऱ्हाईकं दैवशालाला शिव्या देऊन गेली. साहेब म्हणाले, "तुम्ही ओढत नाही, तुम्ही त्याच्याशी भांडता. विझला तर विझू द्या. परत पेटवता येतो."

हे मला पटायला फार दिवस लागले. माझ्या हातून काही विझलं की मला आजवर शिव्याच मिळाल्या आहेत. चूल विझली, शिव्या. कंदील विझला, शिव्या. आणि इथं एक शिकलेला माणूस म्हणतो, विझू द्या. एक दिवस दुपारची गर्दी सरल्यावर मी बसले, भरला, लावला आणि नुसती बसले. विझला, परत लावला. दैवशाला आतून येऊन बघून गेली. म्हणाली, बाई, तब्येत बरी आहे ना, मघापासून कोणावर ओरडला न्हाई. तेव्हा मला कळलं, पाइप आला.

आता वाचणारानं सांगावं. जी बाई चहाला उकळी येईपर्यंत उभी राहत नव्हती, ती ही वस्तू शिकली. मिश्री सोडली. दिवसाला एकदाच ओढते, तेही गिऱ्हाईक नसताना. हे डोकं फिरल्याचं लक्षण की बसल्याचं? अंबडच्या डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला वार, महिना, माझं गाव, देशाची राजधानी विचारली. मी सांगितलं आणि उलट विचारलं की बाहेर पेशंट ताटकळत बसलेत ते तुम्हाला कळतंय का. त्यांनी लिहिलं, मन ठणठणीत. फुप्फुसाबद्दल वेगळं बोलले, ते या कागदात येत नाही.

कलम ४. काकासाहेब. हे आमच्या गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्ष आहेत. गळ्यात माळ आहे. शाळेत भाषण करतात, पोरांना शपथ देतात. मला समज द्यायला म्हणून ते एकदा संध्याकाळी टाकीमागं आले.

"वहिनी, हे बंद करा. लोक बोलून राह्यले."

"लोक म्हंजे कोण, भाऊजी?"

"मीच."

पण निघेनात. उभे राहिले. नाक वर करून म्हणाले, वास गुऱ्हाळासारखा येऊन राह्यला. मग म्हणाले, एकदा हातात देऊन बघा, समितीला माहिती पाहिजे. दिला वाकडा. त्यांनी पहिलाच दम छातीत ओढला आणि टाकीला मिठी मारून खाली बसले. म्हणाले, "वहिनी, मी चाललो वाटतं, घरी कळवा." मी म्हटलं, कुठं चालले, तुमच्यानं उठवत तर न्हाई.

तरी आले. समितीला माहिती कमी पडली असावी, कारण बाजाराच्या दिवशी संध्याकाळी ते दर वेळी यायला लागले. खरं सांगायचं तर माझ्यापेक्षा लवकर शिकले. आळशी माणूस आहे, आणि या वस्तूला आळशी माणूस मानवतो. संध्याकाळी माझ्याकडून पाइप भरून घ्यायचा आणि सकाळी पारावर बसून वहिनी वेडी झाली म्हणायचं, असा त्यांचा कार्यक्रम आहे. मी वेडी असेन, तर वेडीचा एकमेव चेला कोण, हे गावानं ठरवावं. वाकडा पाइप मी गेल्यावर त्यांना द्यावा. त्याला त्यांचेच दात लागलेत, दुसरं कोणी तोंडाला लावणार नाही.

कलम ५. तंबाखू भाजलेला तवा मोडीत घालू नये. कितीही घासला तरी त्याला वास आहे. त्यावरची भाकरी फक्त फुकट जेवणाऱ्या नातेवाईकांना वाढावी. सरळ पाइप आणि दाबायची काडी दैवशालाला. शिकायचं की नाही तिचं ती बघेल. शिकली तर फुंकर घालू नये.

कलम ६. मी मेल्यावर रडायला बायका बोलावू नयेत, बोलावल्या तर जेवू घालून पाठवाव्यात. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तर उगीच भजी, जिलेबी ठेवून बघू नये. काकासाहेबांनी पुढं होऊन मोठ्यानं म्हणावं, "खानावळ दैवशालाचीच." शिवेल.

कलम ७. हे शेवटचं कलम सह्या व्हायच्या आधी, सगळ्यांच्या समोर लिहिते आहे. आज मी काकासाहेबांना बोलावून घेतलं. वकीलताई, पाठक साहेब, रमाबाई, दैवशाला हजर आहेत. ताईंनी कागद वाचला. कलम चार संपता संपता काकासाहेब उठून उभे राहिले. म्हणाले, हे खोडा. मी म्हटलं, खोडते, पण सबंध कलम जाईल, पाइपसकट. ते म्हणाले, पाइप तेवढा दुसऱ्या कलमात घ्या ना. नाही म्हटलं. ते खाली बसले. चहा निवला तरी शिवले नाहीत.

मी म्हटलं, तुमची साक्षीदार म्हणून सही पाहिजे. माझ्या डोक्याबद्दल गावभर तोंडी सांगून झालं, आता लिहून द्या. तर वकीलताई म्हणाल्या, ज्याला कागदातून काही मिळतं त्याची साक्ष घेऊ नये, उद्या कोणी बोट ठेवेल. म्हणून कलम चारमधला पाइप मी मेल्यावर द्यायचा, हे रद्द. बाकी कलम तसंच राहील. पिशवीतून वाकडा पाइप काढला आणि त्यांच्या समोर टेबलावर ठेवला.

"भाऊजी, मेल्यावर न्हाई देत. आत्ता घ्या, सगळ्यांदेखत. आन् मंग सही करा."

त्यांनी पाइपकडं बघितलं, मग दैवशालाकडं बघितलं. ज्या बाईला रस्त्यावर काढायला हे सगळं चाललं होतं, ती दारात उभी. ती एवढंच म्हणाली, "काका, काडेपेटी देऊ का?"

त्यांनी पाइप उचलून हातात धरला. हायवेवरून चार गाड्या गेल्या असतील.

"सही झाल्यावर दे," काकासाहेब म्हणाले, आणि पेन मागितला.

इथं माझा कागद पुरा झाला. वरचं सगळं मी लिहिलं, मला वाचून दाखवलं, मला कबूल आहे.

सही: नंदाबाई कल्याण उढाण (अंगठा नाही, सही)

नंदाबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्ही त्यांच्या डोळ्यांदेखत केली.

साक्षीदार १: नरहर पाठक, जुना जालना.

साक्षीदार २: काकासाहेब उढाण, वडीगोद्री. (समितीच्या पदाचा उल्लेख करू नये, अशी त्यांची विनंती आहे. मान्य.)

ठिकाण: वडीगोद्री. दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५.

साक्षीदार २ यांच्या हस्ताक्षरात: वहिनी पूर्ण शुद्धीत आहेत. हे मी फार जवळून पाहिलेलं आहे.