वरवंट्याचं झबलं

१२ मार्च

आज या घरात खून झाला. मयत — माझी कापडाची कात्री. आरोपी — शरदचंद्र, माझे पती, आनंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त, पूर्वचारित्र्य निष्कलंक. माझ्या कात्रीने दुधाची पिशवी कापली! वर विचारतात, "कात्रीच आहे ना?" इतक्या वर्षांच्या संसारानंतर हा प्रश्न. तलवारीने भेंडी चिरणाऱ्या माणसाच्या गळ्यात मी माळ घातली, दोष कुणाला देणार? आता ती मऊ कापडावर चालवली की कापत नाही, चावते. उद्या उल्हासनगर. धार लावून आणायची.

१३ मार्च

कात्री होईपर्यंत तासभर मोकळा होता. मला कॅम्प दोनच्या कापडबाजारात मोकळं सोडणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं.

यंदा म्हणे रंगांनी मोठ्याने बोलायचंच नाही. सगळं फिकट. "दीदी, इस सीझन पेस्टल ही चलेगा, सेज ग्रीन देखो," शेठ म्हणाला. सेज ग्रीन म्हणजे पालक उकडून उरलेल्या पाण्याचा रंग. गेल्या वर्षी हाच शेठ वाईन कलरच्या आणाभाका घेत होता. ते सगळे तागे आता कटपीसच्या ढिगात, बदली झालेल्या साहेबासारखे पडलेत.

किर्तीच्या गाउनसाठी कापड घेतलं. लेकीला सातवा लागलाय — पोटाशी सैल, पुढे बटणं, नंतर पाजायलाही सोयीचं असं काहीतरी. रंग? सेज ग्रीन. तिनेच फोनवर बजावलं होतं. झालं, मीही फितूर!

आणि मग ती मलमल. पांढरी, त्यावर बोराएवढे पिवळे हत्ती. "कुर्ती के लिए?" मी हो म्हटलं. या वयात हत्तींची कुर्ती घालणारी बाई एकदा नीट पाहून घ्यावी तसं त्याने मला पाहिलं, पण बोलला नाही. धंद्यातली सभ्यता.

१५ मार्च

किर्ती सोनिवलीहून बाळंतपणासाठी आली. गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात गेलं तिचं. तो विषय घरात कुणी काढत नाही. ती उठली की आम्ही बघतो, बसली की बघतो.

सोडायला विहीणबाई आल्या होत्या, यशोधराताई. चहा पिता पिता शिलाई मशीनकडे बघून म्हणाल्या, बाळाचं मात्र आधी काही शिवू नका हं. आपल्यात जन्माआधी नवं कापड करत नाहीत, अंगाला पहिलं जुनंच लागतं. मी म्हटलं, छे, मी कशाला शिवतेय. आत कपाटात हत्ती कान टवकारून ऐकत असणार.

१९ मार्च

झबलं शिवलं. शिवलं म्हणजे काय, शिवून झालं. मलमल भिजवून, वाळवून समोर होती. कात्रीला नवी धार होती. बोटभर बाह्या, पाठीला नाड्या, शिवण बाहेरच्या अंगाला — टोचू नये म्हणून. मशीनच्या खणात लपवलं.

तेवढ्यात द्रौपदी. तळमजल्यावरची, मूळची बारवीकडची, जीभ माझ्याहून वीतभर लांब. तिच्या ब्लाउजचं कापड दिवाळीपासून माझ्याकडे आहे. "माझं कापड तुझ्या घरात म्हातारं झालं," म्हणाली. मी म्हटलं, सध्या सीझन आहे गं.

"तुला सीझन, मला उघडी पाठ."

गेली. झबलं दिसलं नसावं.

२७ मार्च

विहीणबाईंचा रोज फोन. काही शिवत नाही ना? नाही हो. खोटं बोलण्यात हात चांगला बसलाय.

४ एप्रिल

तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी प्रेशर मोजलं, थांबून परत मोजलं. मीठ कमी, डाव्या कुशीवर पडून राहायचं, बाळ हलतंय का तिकडे लक्ष ठेवायचं.  परतल्यावर किर्ती जिन्यात थांबली.

"आई, या वेळीपण?"

काही होत नाही गं, म्हटलं. 

आमच्या उभ्या शिरगावातल्या लिंबू-मिरच्यांची मी आजवर टर उडवली. घरात आल्यावर दार लावून मशीनचा खण उघडला. हत्ती तसेच होते. हसत होते मेले.

५ एप्रिल

उसवलं. ब्लेड घेऊन, नाड्या, बाह्या, खांदे, टाका टाका. सगळं सुटं झालं तरी हात थांबेनात. कडेचे धागे ओढत बसले.

द्रौपदी दारात कधीची उभी होती कोण जाणे. मला वाटलं, आता टोमणा. पण तिने मांडीवरच्या चिंध्या पाहिल्या, माझं तोंड पाहिलं, आणि खाली बसली. मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं — हे फक्त इथेच लिहिते.

तिने तुकडे गोळा करून माझ्यापुढे ठेवले. "शिव परत."

मी तुकडे बाजूला सारले.

"शिव म्हणते ना. पुढचं मी बघते."

शिवलं. एक बाही वाकडी बसली. तोवर ती खाली जाऊन तिचा वरवंटा घेऊन आली. बारशाला बाळाच्या आधी पाळण्याभोवती वरवंटा फिरवतात ना, त्यासाठी अख्ख्या इमारतीत हाच जातो. एरवी मिक्सरने त्याला घरी बसवलंय. तिने त्याला झबलं घातलं, पाठीशी नाड्या बांधल्या आणि माझ्या मांडीवर ठेवला. गार होता. जड होता.

"हे झबलं याचं. यानं घातलं, झालं जुनं. आता बाळाला याचं उतरलेलं मिळेल."

शरदचंद्र आत आले. बायकोच्या मांडीवर हत्तींचं झबलं घातलेला दगड बघितला आणि आल्या पावली परत फिरले. चौकशी नाही. शहाणा माणूस. कात्रीचा गुन्हा माफ.

११ एप्रिल

वरवंटा माझ्या कपाटात, झबल्यासकट. किर्ती म्हणते बाळ हलतंय. तरी मी येता-जाता कपाट उघडून बघते. काय बघते? दगड जागेवर आहे का ते.

९ मे

प्रेशर परत चढलं. दवाखान्यात आणलं. सिझर करणार. विहीणबाई शेजारच्या खुर्चीत जप करतायत. मध्येच माझ्या पिशवीत डोकावल्या — जुनंच आहे ना?

वापरलेलं आहे, म्हटलं.

"कुणाचं?"

"आमच्या इमारतीतल्याच एकाचं."

त्यांचं समाधान झालं. माझी बोटं पिशवीच्या नाडीत अडकलीत. ऑपरेशनचं दार अजून बंद आहे.

१० मे

मुलगी! दोघी सुखरूप. बारकी आहे जरा, झबल्यात तिच्यासारख्या दोन मावतील. बाही वाकडी आहे याबद्दल तिची काही तक्रार नाही.

१८ मे

द्रौपदीचा ब्लाउज शिवला. गळा चौकोनी, तिने सांगितला तसा, कुठल्याच सीझनचा नाही. खाली नेऊन दिला. वरवंटाही धुऊन परत केला. म्हटलं, तुझा नियम फळला गं.

"कसला नियम?" ती ब्लाउजचे हुक ओढून बघत होती. "असं कुठं असतं काय? माझ्या पोरांचं मी सगळं आधीच शिवलेलं. तुझे हात थांबत नव्हते, म्हणून मांडीवर काहीतरी जड ठेवलं."