तीसच्या खाली घेणार नाही

११ जानेवारी

एकच पेपर राहिला. आर्थिक इतिहास, तोंडी परीक्षा, मालागोलीबाई. एवढा काढला की जुलैत डिग्री आणि इथल्या रीतीप्रमाणे डोक्यावर पानांचा मुकुट. आई-बाबा बघायला येणार. तिकिटं बघून ठेवा असं आजच फोनवर सांगितलं.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. पुस्तक तीनदा वाचणे. साव्हेरिओच्या तोंडी न लागणे.

साव्हेरिओ म्हणजे माझा रूम-पार्टनर. इटलीत, या बोलोन्यात मी दीड वर्ष काढलं त्यातलं सव्वा वर्ष याच्याबरोबर, म्हणजे खरं तर चार वर्षं धरायला हवीत. कालाब्रियाचा, म्हणजे पार दक्षिणेकडचा. माझ्याच वर्गात. याच पेपरात याच बाईंकडे अडकलेला. दर पंधरा दिवसांनी त्याची आई तेलाचा डबा, तेलातली वांगी आणि तिखट सॉसेजेस पाठवते. सॉसेजेस स्वयंपाकघरात दोरीला टांगतो. मी चहा करायला उभा राहिलो की कपाळाला लागतात. मी शाकाहारी आहे हे त्याला माहीत आहे. म्हणून तर तिथे टांगतो.

१२ जानेवारी

सव्वानऊला उठलो. घर थंड. हीटर कधी लावायचा हे घरमालकीण ठरवते. अशा देशात पहाटे पाचला कोण उठणार?

२४ जानेवारी

पुस्तकाचं पहिलं प्रकरण झालं. पुढची वाचायची गरज वाटत नाही. इथे परीक्षेत सुरुवात आपल्या आवडीच्या विषयावर करू देतात. माझा विषय, बोलोन्यातल्या जुन्या रेशमाच्या गिरण्या. त्यात माझा हात कुणी धरू शकणार नाही. एकदा बोलायला लागलो की बाईंना दुसरं काही विचारायचं सुचणारच नाही.

साव्हेरिओ सगळी प्रकरणं मोठ्याने वाचतो. स्वयंपाकघरात, सॉसेजखाली, फेऱ्या मारत. बुद्धी नसली की माणसाला असे कष्ट करावे लागतात.

मोठ्या चौकातून तिरका चालत घरी आलो. इथल्या पोरांची समजूत अशी की डिग्रीआधी हा चौक तिरका ओलांडला तर डिग्री मिळत नाही. सगळे कडेकडेने जातात. साव्हेरिओ तर खांबाखांबाला चिकटून. आपण मुद्दाम मधून जातो, रोज. तो ओरडला, "अरे, आईची तरी पर्वा आहे की नाही तुला?" मी मागे वळून हात हलवला.

३० जानेवारी

परीक्षा. इथली तोंडी परीक्षा म्हणजे चावडीच. मागे सगळा वर्ग ऐकत बसतो. आधी साव्हेरिओ गेला. बाईंनी अठरा दिले. तीसपैकी अठरा म्हणजे जेमतेम पास. हा गडी उभा राहून बाईंचा हात हातात घेऊन हलवतो काय, बाहेर जाऊन आईला फोन काय! आईचा हंबरडा आत ऐकू आला. लाज नावाची चीज नाही.

मग मी. रेशीम सुरू केलं. बाई ऐकत राहिल्या. नंतर म्हणाल्या, गिरण्या पुरे, आता कारागिरांच्या संघांबद्दल सांगा. मी संघांवरून सफाईने परत रेशमावर आलो. चोवीस देते म्हणाल्या.

इथे मार्क पसंत नसतील तर नको म्हणता येतं. पुढच्या खेपेला परत बसायचं. जगातली एकमेव सुसंस्कृत पद्धत. तरी मी क्षणभर विचार करत होतो. तेवढ्यात दारातून साव्हेरिओ कुजबुजला, "घे, घे!"

तो घे म्हणाला ना, मग नाहीच घेतले. अठरावर हुरळणारा माणूस मला सल्ला देणार? मी स्वच्छ इटालियनमध्ये म्हणालो, "आभारी आहे, नको." बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. आमच्या घराण्याला कमी मार्कांची सवय नाही, हे त्यांना कळलं असावं.

घरी आल्यावर साव्हेरिओ कपाळावर हात मारून म्हणाला, "चोवीस! मला चोवीस मिळाले असते तर गावात बँड लावला असता आईनं. तू म्हणजे अगदी दोत्तोरे!"

इथे डिग्रीवाल्याला दोत्तोरे म्हणतात. मनातून मानतो मला.

३१ जानेवारी

आईचा फोन. निकालाचं विचारलं. म्हटलं, निकाल माझ्याच हातात आहे. यात खोटं काहीच नाही. बाबांनी जुलैची तिकिटं काढली.

१७ फेब्रुवारी

दुसरी खेप. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं, सिन्योर देवस्थळी, आज प्लेगपासून सुरुवात करा. प्लेग आला, माणसं मेली, मग रेशीम कोण विणणार, असं करत मी रेशमावर आलो. एकवीस.

आता चोवीस नाकारलेला माणूस एकवीस कसा घेईल? साधा हिशेब आहे. नको म्हणालो. बाई म्हणाल्या, "नक्की?" मी म्हणालो, "माझी काही तत्त्वं आहेत." मागे कुणीतरी हसलं. साव्हेरिओच असणार. तो आला नव्हता म्हणतो.

पुढची परीक्षा जूनमध्ये. तोपर्यंत पुस्तक अठरा वेळा वाचून होईल.

९ मार्च

आज अभ्यासाला बसायचं म्हणून आधी स्वयंपाकघर आवरलं. घाणीत अभ्यास होत नाही. साव्हेरिओचं कॉफीचं भांडं आतून काळं कुळकुळीत. त्याच्या आजीचं आहे म्हणे. वर्षानुवर्षं नुसतं पाण्याने विसळतो, साबण म्हणून कसा तो लावत नाही. घरून आणलेली भांडी घासायची पावडर, तारेची घासणी आणि माझे दोन हात. तासाभरात आरशासारखं झालं. त्याला सरप्राइज म्हणून टेबलावर ठेवलं.

रात्री तो आला. भांड्याकडे पाहिलं. खुर्चीवर बसला. भांडं मांडीवर घेतलं. म्हणाला, "काय केलंस हे? तीस वर्षांची कॉफी होती यात. तीस वर्षांची!" डोळ्यांत पाणी. भांडं स्वच्छ झालं म्हणून रडणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. उपकाराची जाण नाही या लोकांना.

अभ्यास झाला नाही. वातावरणच नव्हतं.

२० मार्च

साव्हेरिओ बोलत नाही. रोज त्या भांड्यात कॉफी करतो आणि मोरीत ओततो. भांड्याला चव परत यावी म्हणून. माझं काही बिघडत नाही. उलट शांतता आहे. अभ्यासाला उत्तम.

२ एप्रिल

फार शांतता आहे. अभ्यास होत नाही.

५ मे

साव्हेरिओ आज बोलला. "दोत्तोरे, माझ्या नोट्स टेबलावर ठेवल्यात. बघ हव्या तर. भांड्याचा राग भांड्यापाशी." मी म्हणालो, आभारी आहे, नको. अठरा मार्कांच्या नोट्स घेऊन मी काय करू?

रात्री तो झोपल्यावर सहज चाळल्या. अक्षर घाणेरडं. सगळी प्रकरणं आहेत पण.

१० जून

तिसरी खेप. बाई म्हणाल्या, "आज रेशीम सोडून काहीही." हा सरळ सरळ पक्षपात आहे. तरी बरंच बोललो. नोट्समधलं काही आठवलं, काही त्या अक्षरामुळे आठवलं नाही. बाई म्हणाल्या, अठरा, आणि घ्या आता, मी तुमच्या आईच्या वयाची आहे म्हणून सांगते.

अठरा! म्हणजे साव्हेरिओइतके! एकाच घरात राहून, रोज कपाळाला त्याची सॉसेजेस लावून घेऊन, शेवटी त्याच्याच पंगतीला बसायचं? नको म्हणालो. आवाज जरा चढला असेल. बाईंनी पेन खाली ठेवलं.

साव्हेरिओला कुणीतरी सांगितलं. तो म्हणाला, "तुझे आईबाप येतायत ना रे गाढवा? काय दाखवणार त्यांना? रेशीम?"

अजून जुलैची परीक्षा आहे. घाबरतो कोण?

३ जुलै

उद्या शेवटची संधी. उद्या पास झालो तरच अठरा तारखेला डिग्री. आई-बाबा सोळाला येताहेत. आईने पेढे घेतलेत, मोठा डबा. गल्लीतल्या सगळ्यांना सांगून झालंय.

झोप येत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे, उकाडा आहे.

ठरलं. उद्या मिळेल ते घ्यायचं. अठरा तर अठरा. डिग्रीवर मार्क कोण बघतो? खरा मोठेपणा छोट्या गोष्टी स्वीकारण्यातच असतो. हे फार थोड्यांना कळतं.

४ जुलै

सकाळी चौक कडेने ओलांडला. कडेला सावली असते म्हणून.

साव्हेरिओ मागे येऊन बसला होता. मी बोलावलं नव्हतं. परीक्षा बरी झाली. खरंच बरी झाली. संघ, प्लेग, सावकार, सगळं सांगितलं. रेशमाचं नावही काढलं नाही. बाई मान डोलवत होत्या. शेवटी त्यांनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाल्या, "सिन्योर देवस्थळी, आज छान झालं. दुसरा कुणी असता तर बावीस लिहून मोकळी झाले असते. पण तुमचा बाणा मी तीनदा पाहिलाय. बावीस सांगून मी तुमचा अपमान करणार नाही. सप्टेंबरमध्ये या. तीस घेऊनच जा."

मग उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. वर्गाला म्हणाल्या, असे विद्यार्थी आता राहिले नाहीत. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मला बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. पण मागून साव्हेरिओ दोन्ही हात जोडून, दात-ओठ खात कुजबुजत होता, "बोल! बोल की रे! घेतो म्हण!"

सगळ्या वर्गासमोर हा मला शिकवणार?

मी म्हणालो, "आभारी आहे."

रात्री

बाई दुष्ट आहेत. साव्हेरिओ गप्प बसला असता तर मी बोललो असतो. सगळं त्याच्यामुळे झालं.

आई-बाबांना काय सांगू? काय सांगू?

१६ जुलै

आले. बाबांनी प्रवासभर नवा सदरा जपून आणला. अठराला घालायचा आहे. मी सांगितलं, इथे समारंभ दोन खेपांत होतो, आधी दक्षिणेकडच्या मुलांचा. आई म्हणाली, "असं का? गर्दी होत असेल." विश्वास ठेवणारी माणसं बघवत नाहीत.

संध्याकाळी बाजारातून आलो तर आई मोरीपाशी. हातात कॉफीचं भांडं, तारेची घासणी, पावडर. चार महिन्यांत जमलेली काळी पुटं उतरून भांडं परत चकाकत होतं. "किती कळकट ठेवलंय रे पोरानं," म्हणाली. तेवढ्यात साव्हेरिओ आला. आता आभाळ कोसळणार म्हणून मी भिंतीला टेकलो.

साव्हेरिओने भांडं पाहिलं. मग आईचा ओला हात हातात घेऊन म्हणाला, "वा सिन्योरा! घर कसं उजळलं!"

मला विचारलं तर हा माणूस दुटप्पी आहे.

१८ जुलै

साव्हेरिओला डिग्री मिळाली. हिरव्या पानांचा मुकुट, लाल रिबीन. मित्र त्याला चौकातून तिरका पळवत नेत होते. आता त्याला चालतं. बाबांनी नवा सदरा घातला होता. "सराव होईल," म्हणाले.

१९ जुलै

साव्हेरिओच्या डिग्रीचं जेवण काल दुपारीच झालं. काल लिहवलं नाही.

साव्हेरिओची आई, तो आणि आम्ही तिघं. त्याने दोन ग्लास वाइन घेतली आणि बाबांकडे वळून म्हणाला, "तुमचा मुलगा माझ्याहून हुशार आहे. मला अठरा मिळाले, याला पहिल्याच झटक्यात चोवीस!" भाषांतर माझ्याकडे. मी सांगितलं, तो म्हणतोय उकाडा फार आहे.

साव्हेरिओने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. त्याला संशय आला. या लोकांना जीभ बांधली तरी फरक पडत नाही, हात मोकळे असतात. त्याने दहा बोटं दाखवली, परत दहा, मग चार. माझ्याकडे बोट. मग हात झटकून दाखवला, नको. मग एकवीस बोटं. नको. मग अठरा. नको. मी टेबलाखालून लाथ मारली. ती त्याच्या आईला लागली.

बाबांनी बँकेत तीस वर्षं आकडे मोजले आहेत. त्यांनी बोटांनीच विचारलं, कितीपैकी? साव्हेरिओने दहा बोटं तीनदा उघडली.

"चोवीस म्हणजे ऐंशी टक्के," बाबा म्हणाले. आई ताटातल्या पावाचे तुकडे करत म्हणाली, "दक्षिणेकडच्यांचं वगैरे काही नसतं ना रे, नंदू?"

नसतं, अशी मी मान हलवली.

"दहावीला तुला एकाहत्तर टक्के होते," बाबा म्हणाले. "आपण गल्लीभर पेढे वाटले होते. ऐंशीला नको म्हणालास? का?"

साव्हेरिओ घे म्हणाला म्हणून. हे उत्तर मला पाठ होतं. ते मराठीत सांगायला लागलो आणि सगळ्यांसमोर डोळ्यांतून पाणी आलं. वांग्यात तिखट फार होतं, पण ते कारण नव्हतं.

आईने पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला. दोन दिवस पिशवीत तसाच बांधून ठेवला होता. दोरा सोडून तिने तो साव्हेरिओपुढे ठेवला, त्याच्या मुकुटावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि म्हणाली, "घे बाळा. दोत्तोरे झालास."

त्याने एक पेढा घेतला. मग डबा माझ्याकडे सरकवला.

"घे, घे," म्हणाला.

घेतला.