गाडी मुद्दाम ठेवली आहे

१ एप्रिल, बुधवार
हॉलिडे व्हिलेजमध्ये या हंगामातलं माझं पहिलं भाषण. विषय: तळ्यावरचा बर्फ आणि पाहुण्यांची सुरक्षितता. श्रोते सगळे परदेशी, पायात कॅनव्हासचे बूट. एकाने विचारलं, बर्फ फुटण्याआधी काही सूचना मिळते का? अशांना पासपोर्ट देतं कोण? मी बजावलं: बर्फावरून जाणारा रस्ता बंद म्हणजे बंद. बुडालो तर बर्फात रोवून वर यायला दोन टोकदार खिळे गळ्यात हवेतच. आणि एप्रिलच्या बर्फावर भरवसा ठेवायचा नाही. पोर्तुगालची एक शिक्षिका, फिलोमेना, शब्दन् शब्द लिहून घेत होती. महिनाभर राहणार आहे म्हणे. ज्यांना बर्फ फक्त सरबताच्या ग्लासात भेटतो, त्यांना किती सांगणार.

३ एप्रिल
नगरपालिकेने तळ्यावरचा रस्ता बंद केला. तोंडाशी फांद्या आडव्या टाकल्यात. परदेशी लोकांसाठी ठीक आहे. माझा जन्म या तळ्याकाठचा.

बायको, राइली, म्हणाली, पंचवीसला ओउलू शहरात आपल्या लेकीच्या, हेन्नाच्या बाळाचं बारसं आहे, तोवर माझ्या गाडीला काही करू नकोस. गाडी तिची आहे. माझी तपासणीत नापास झाली. तपासणाऱ्याला गाड्यांतलं काही कळत नाही. बाळाचं नाव आमच्याकडच्या रीतीप्रमाणे गुपित. पाद्री उच्चारेल तेव्हाच कळणार. मला आत्ताच माहीत आहे. पहिला नातू. घरात माझं ताइस्तो सोडून घेण्यासारखं दुसरं नाव आहे कुठलं?

५ एप्रिल, ईस्टर
बेटावरची मासेमारीची जाळी आणायची होती. फांद्यांना वळसा घालून गाडी घातली. बर्फ उत्तम. परत येतो तर काठालगत वितळून पाण्याचा पट्टा. ऊन नको तेव्हा पडतं. धक्क्याचं टोक बरंच आत आलेलं आहे, त्याच्यासमोर बर्फावरच गाडी पार्क केली आणि धक्क्यावरून चालत घरी. रात्री गोठेल, सकाळी काढतो. राइलीला म्हणालो, गाडी तळ्याकडे आहे. यात खोटं काहीच नाही.

६ एप्रिल
गोठलं नाही. हवामान खातं निव्वळ बिनकामाचं.

शेजारचा ओइवा ट्रॅक्टर, फळ्या आणि दोरखंड घेऊन हजर. म्हणाला, चल, आजच्या आज ओढून काढू, पुढे जमायचं नाही. नेमके तेव्हाच हॉलिडे व्हिलेजच्या जेवणघराच्या खिडकीत सगळे परदेशी कॉफी घेऊन उभे. त्यांच्यादेखत माझी गाडी दोराने ओढायची? मग बुधवारी भाषण कुठल्या तोंडाने देऊ? म्हणालो, घाई नाही. ओइवाने विचारलं, राइलीला माहीत आहे का? हा माणूस पहिल्यापासून चोंबडा.

८ एप्रिल, बुधवार
भाषण. बर्फावर गाडी नेऊ नका, इथवर आलो आणि फिलोमेनाने हात वर केला. मग ती लाल गाडी तिथे काय करतेय? म्हणालो, मुद्दाम ठेवली आहे. निरीक्षणासाठी. बर्फ किती धरतो ते पाहणं चालू आहे. सगळे माना डोलवायला लागले. मॅनेजर पिरित्ता मात्र खाली मान घालून टेबल पुसत राहिली. टेबल स्वच्छ होतं.

११ एप्रिल
राइलीला कळलं. सिर्काच्या दुकानात.

दर वर्षी गाव बर्फावर एक मोडकी डोलखुर्ची ठेवतं. ती कधी बुडेल याचा अंदाज प्रत्येक जण सिर्काच्या कॅलेंडरवर लिहितो. जिंकेल त्याला कॉफी आणि केक. यंदा खुर्ची ठेवलीच नाही. सिर्का म्हणे, खुर्ची कशाला, ताइस्तोने सोय केलीय की. अर्धा महिना नावांनी भरलाय. क्षुद्र लोक.

राइली ओरडली नाही. गाडी काढ, एवढंच म्हणाली. मी म्हटलं, बर्फ मेपर्यंत हलत नाही, हा माझा अनुभव आहे. तर म्हणते, तुला अनुभव नाही रे, तुला नुसतं तोंड आहे.

१४ एप्रिल
ओइवाकडे सहज गेलो. ट्रॅक्टरचा विषय त्यानेच काढावा म्हणून बसून राहिलो. तीन कप कॉफी झाली, काढला नाही. शेवटी मीच काढला. म्हणाला, बर्फाच्या आता सळ्या सळ्या झाल्यात, माणूस उभा राहायचा नाही. दोर बांधायला जाणार कोण, तू? भित्रा. सहा तारखेला जरा जोर लावला असता तर मी ऐकलं नसतं का? सगळी चूक त्याची.

१७ एप्रिल
गाडी पुढून थोडी कललेली दिसते. उन्हात तसं वाटतं.

कॅलेंडर बघून आलो. बावीसच्या चौकोनात राइलीचं अक्षर. स्वतःच्या गाडीवर, स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध. मी तीस तारखेवर नाव घालायला गेलो तर सिर्काने हातातलं पेन काढून घेतलं. गाडी ठेवणाऱ्याला मनाई आहे म्हणे. हा नियम आजच झाला असणार.

२२ एप्रिल, बुधवार
भाषण रंगात आलं होतं. खिडकीकडे पाठ करून मी एप्रिलचा बर्फ फुटताना कसा आवाज करतो ते सांगत होतो, आणि आवाज झाला. श्रोते उठून उभे राहिले. वाटलं, आज जमलं. मग टाळ्या. वळून पाहतो तर तळ्याला काळं भोक आणि वर बुडबुडे.

फिलोमेना डोळे पुसत म्हणाली, वीस वर्षं शिकवतेय, पण असा धडा मला कधी देता आला नाही. एका गृहस्थाने विचारलं, पुढच्या बुधवारीही दाखवणार का? मी मान लववून अभिवादन केलं. दुसरं काय करणार.

घरी राइली बॅग भरत होती. टेबलावर सिर्काचा केक. मला विचारलंसुद्धा नाही.

२४ एप्रिल
राइली बसने ओउलूला गेली. मला जाता येत नाही. तेल गळतंय म्हणून गाडी उद्याच बाहेर काढायचा हुकूम आहे, पाणबुडे येणार आणि मी तिथे हजर राहायचं. बारशाची अडचण सांगितली. फोनवरचा अधिकारी म्हणाला, बारसं तुमचं आहे का? उद्धट.

स्टॉपवर म्हणालो, माझ्या वतीने बाळाला जवळ घे. ती काचेतून सरळ समोर बघत होती. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दिवसाला एकच बस ठेवली की असं होतं.

२५ एप्रिल
गाडी वर आली. मागच्या सीटवर जाळी जशीच्या तशी.

नेमकी क्रेन सुरू असताना राइलीचा फोन. तिने नाव सांगितलं, मला ऐकू आलं नाही. परत विचारलं, परत क्रेन. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, इथे येऊन विचार, आणि ठेवून दिला. त्यानंतर उचलत नाही. हेन्नाही उचलत नाही.

संध्याकाळी ओइवा आला. हेन्नाने त्याला बाळाचा फोटो नावासकट पाठवलाय. मला नाही पाठवला. त्याने फोन खिशातच ठेवला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, अभिनंदन ताइस्तो, नाव फार छान ठेवलंय.

मी म्हणालो, मीच सुचवलं होतं.